पावण्याची बारा पिसं

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

मिस्सा ऐकून आलो. टाकीवर कोणी नाही. काल नव्हतं, परवाही नव्हतं. रोज लिहिण्यासारखं यात काही नाही हे मला कळतं, पण लिलियन गेल्यापासून या घरात "इलो काय रे?" विचारणारं कोणी उरलं नाही, तेव्हा वहीलाच सांगतो.

कोण इलो ते लिहायलाच हवं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवताना पोरांच्या उत्तरांतला कर्ता शोधत बसलो, आता स्वतःच विसरायला लागलो. तर, एक निळा पक्षी. बुलबुलापेक्षा जरा मोठा. दर ऑक्टोबरात आमच्या स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसतो, एकटाच, तपासणीला आलेल्या साहेबासारखा ताठ. मार्चात जातो. लिलियन त्याला पावणो म्हणायची. तिचं म्हणणं, दर वर्षी येतो तो एकच. "डाव्या पंखावर धवो ठिपको आसा, बघ मरे!" मी म्हणायचो, कावळे सगळे एक दिसतात, तसे हेही. तो पांढरा ठिपका पाहायचा तर चष्मा शोधावा लागे, आणि त्यासाठी खुर्चीतून उठावं लागे. उठलो नाही कधी.

गेल्या वर्षी ती ऑगस्टात गेली आणि ऑक्टोबरात हा आपला हजर. मी खिडकी लावून घेतली. यंदा उघडी ठेवली आहे तर याचा पत्ता नाही.

सकाळी कॅनडाहून ग्लेनिशाचा फोन. पाचवा महिना चालू आहे तिला. जावई अ‍ॅलन काळजी घेतो म्हणाली. मग विचारलं, "पापा, मम्मीचो पावणो इलो?" म्हटलं, "नाय." खरं ते सांगितलं. पुढे काही बोललीच नाही. नेटवर्क गेलं असावं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी दारात एक मुलगी, पाठीवर बॅग, हातात पाकिटांचा गठ्ठा. "सर, ओळखलंत? मी संचिता. नववीत तुमच्या वर्गात होते." मी म्हटलं, "प्रकाशाच्या धड्याला झोपायचीस ती?" तर तीच निघाली. कणकवलीची. आता पक्ष्यांच्या पिसांवर पीएच.डी. करते. किनाऱ्यावरून, धामापूरच्या तलावावरून गळलेली पिसं गोळा करत फिरते आणि त्यांवरून पक्षी कुठून आला ते काढते.

मी म्हटलं, ज्योतिष आहे की विज्ञान? ती हसली नाही, बसून समजावू लागली. पाण्यातला हायड्रोजन दोन तऱ्हेचा, हलका आणि जड. समुद्रावरून निघालेला ढग जसा आत जातो, उंच चढतो, तसं जड पाणी आधी पडून जातं. म्हणून आपल्याकडच्या पावसात जड जास्त, हिमालयापलीकडे कमी. पक्षी ज्या मुलखात पीस वाढवतो तिथलं पाणी त्या पिसात उतरतं. पीस पुरतं वाढलं की आपल्या नखासारखं मेलेलं, मग पक्षी कुठेही उडो, आतलं बदलत नाही. लांबच्या प्रवासाआधी हे पक्षी उन्हाळी मुलखात पिसं नवी करून घेतात, म्हणून हिवाळ्यात इथे पडलेलं पीस तिथला पत्ता सांगतं. पत्ता म्हणजे घर नंबर नव्हे हां सर, पट्टा कळतो, असंही म्हणाली. झोपाळू पोरगी बरीच हुशार निघाली. तिला तसं सांगितलं नाही.

निघताना टाकीकडे बघत म्हणाली, "सर, निळा कस्तूर येतो का हो इथे? त्याची पिसं माझ्याकडे एकही नाहीत." मी नाही म्हणालो. म्हणजे येत नाही असं नव्हे, पिसं नाहीत असं.

खोटं बोललो. बारा आहेत.

१३ ऑक्टोबर, रविवार

लिलियनचं लादिनीचं पुस्तक कपाटातून काढलं. क्रुसासमोरची प्रार्थना, लादीन, म्हणायला दर वर्षी तेच न्यायची. पानांत तिची पिसं. वर्षाला एक, टाकीखाली पडलेलं. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तिच्या अक्षरात तारीख. २०११ पासून २०२२ पर्यंत. माझी प्रयोगवही बघून शिकली असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे माझ्या वहीत इतका नीटसपणा कधी नव्हता.

२०१७ चं पीस हातात घेतलं. त्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, गोव्याला. ऑपरेशन बरं झालं पण मीच बिघडलो. जेवेना, उठून बसेना, भिंतीकडे तोंड करून पडायचो. डॉक्टर म्हणाले, चालला नाहीत तर कठीण आहे. लिलियन शनिवारी कपडे आणायला घरी म्हणून गेली आणि सोमवारी हे पीस घेऊन आली. "बघ, पावणो इलो. तू कधी येतंस?" मी म्हटलं, तो कशावरून? दुसराच कोणी असेल. ती म्हणाली, तोच. मी म्हटलं, पुरावा काय? भांडायचं म्हणून उठून बसलो. पेज पण प्यालो त्या दिवशी.

त्यानंतरही दर वर्षी भांडलो, पण ठिपक्याचं ती बोलेनाशी झाली. मला वाटलं, थकली. तेवढ्यापुरतं मी जिंकलो असं धरून चाललो.

आता विचार करतोय. संचिताला पिसं दिली तर कळेल. बारा पिसांत बारा ठिकाणचं पाणी निघालं तर दर वर्षी दुसराच पक्षी येत होता आणि माझी बायको बारा वर्षं फसत होती. माझं म्हणणं खरं ठरेल. तेच नको आहे मला. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की माझं चुकावं, चांगलं साफ चुकावं, आणि ते कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

संचिताला बोलावलं. तिने डोक्याला हात लावला. "सर, नाही म्हणालात की!" मी म्हटलं, "परीक्षा घेत होतो." तिला सगळं सांगितलं, भांडणासकट. ती म्हणाली, "सर, सगळी सारखी आली तरी एकच पक्षी हे सिद्ध होत नाही. एकाच डोंगरावरचे दोन असू शकतात." मी म्हटलं, "मी शिकवायचो ते मलाच शिकवू नकोस. पण लिलियनचं म्हणणं मोडत तर नाही ना?" म्हणाली, "नाही. मोडत नाही." तेवढं पुरे.

तिने कात्री काढली. टोक जरासं कापून न्यायचं असं ठरवलं होतं, पण काही पिसं इतकी बारीक की शेवटी बाराही अख्खीच न्यावी लागली. चिठ्ठ्या सोडायच्या नाहीत, दोरे तोडायचे नाहीत, उरलेलं परत द्यायचं, असं लिहून घेतलं. तिने निमूट सही केली.

तुलनेला इथलंच पीस हवं म्हणाली, इथेच जन्मलेल्या पक्ष्याचं. परसात दयाळाचं एक मिळालं, ते दिलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

मेलेल्यांचा दिवस. सिमितेरीत गेलो, मेणबत्ती लावली. वाऱ्याने तीनदा विझली. लिलियनला म्हटलं, तुझा पावणा अजून आला नाही आणि तुझी पिसं परीक्षेला बसली आहेत. बाजूला पेद्रू त्याच्या बापाच्या थडग्यावर चुना लावत होता, तो बघायला लागला. बघू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

टाकीवर कावळा. काशीबाई म्हणाली, "मास्तरानू, रोज रोज वर बगून मान धरात." शेजारची आहे, सकाळी येऊन भाकरी-आमटी करून जाते आणि सल्ले देते. भाकरी चांगली असते.

ग्लेनिशाचा फोन. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी नोकरी बंद करायला लावली. परत तेच, "पावणो?" म्हटलं, "नाय गो. आणि आता यायचो नाय. नोव्हेंबर संपलो." शास्त्रशुद्ध उत्तर. तिकडे नाक ओढल्याचा आवाज. थंडी फार असते तिकडे.

२५ डिसेंबर

नाताळ. काशीबाईकडे नेवऱ्या दिल्या. विकतच्या. तिने तोंडात घालून लिलियनचं नाव काढलं. बाय म्हणायची तिला. ग्लेनिशा बिछान्यावर आहे, उठायचं नाही म्हणून सांगितलंय. व्हिडिओत चेहरा सुजलेला. म्हणाली, "मम्मी असती तर इली असती." मी म्हटलं, "मी येऊ?" म्हणाली, "तुमी येऊन काय करशात पापा?" अपमान नव्हता, खरंच विचारत होती.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

निकाल आला. संचिताने फोनवर तक्ता पाठवला, मी तो जुन्या वहीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत उतरवला.

२०११ ते २०१६, सहा पिसं, जवळजवळ एकच आकडा. हिमालयाच्या वरच्या अंगाचा पट्टा. सहाची सहा! खुर्चीतून उठलो आणि एकटाच मोठ्याने म्हणालो, लिलियन, जिंकलंस गो!

मग खाली वाचलं. २०१८ ते २०२२, पाच पिसं. ती आपसांत सारखी, पण पहिल्या सहांशी जमत नाहीत. मुलूख वेगळा, बराच उत्तरेकडचा. आणि मधलं एक, २०१७ चं. ते हिमालयाचंही नाही आणि उत्तरेचंही नाही. ते आमच्या परसातल्या दयाळाच्या शेजारी जाऊन बसलंय. म्हणजे इथलं. मालवणचं.

हे शक्य नाही. पोरीने पाकिटं बदलली. दयाळाचं पीस २०१७ च्या पाकिटात घातलं. नववीत झोपायची, अजून झोपते आहे.

१० जानेवारी

संचिताला फोन करून नको ते बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "सर, उरलेली पिसं घेऊन मी रविवारी येते. तुम्हीच बघा." आवाज शांत होता. मी पस्तीस वर्षं ओरडून कधी असा आवाज काढू शकलो नाही.

१२ जानेवारी, रविवार

आली. बारा पाकिटं माझ्यासमोर उघडली. २०१७ च्या पाकिटात पिसाचा देठ, त्याला लिलियनचा दोरा, दोऱ्याला लिलियनची चिठ्ठी. गाठ तिची. दुहेरी गाठ मारून टोक आत खोचायची, बटण लावताना पण तसंच. तो दोरा कोणी सोडला नव्हता. दयाळाचं पीस वेगळ्या पाकिटात, अर्धं शिल्लक.

मी माफी मागितली. विद्यार्थ्याची माफी मागायची सवय नाही, बरीच लांबली. तिने चहा अर्धा ठेवून पाण्याच्या टाकीकडे बघत म्हटलं, "सर, एक शक्यता असते. हिवाळ्यात एखादं पीस गळून पडलं तर त्या जागी नवं इथेच उगवतं. मग त्यात इथलं पाणी येतं. कदाचित तसं झालं असेल."

चला, झालं तर! पीस पावण्याचंच, उगवलं मात्र इथे. मी तिला काजूची उसळ डब्यात घालून दिली. ती मात्र जाताना दारात थांबली, काही बोलणार होती. मग म्हणाली, "सर, चिठ्ठीवर तारीख आहे." मी म्हटलं, "आहेच की! लिलियनचं काम आहे." ती गेली.

१३ जानेवारी, सोमवार

पहाटे जाग आली ती त्या तारखेनेच. ९ ऑक्टोबर २०१७.

पावणा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो. पीस नवं उगवून गळायचं तर मधे तीन-चार आठवडे तरी हवेत. नवव्या तारखेला इथे उगवलेलं पीस त्याच्या अंगावर असूच शकत नाही. आठवीच्या पोराला जमेल असं गणित, आणि संचिताने ते दारातच मला घालून दिलं होतं. मी डबा भरत होतो.

मग ते पीस कुणाचं?

१४ जानेवारी, मंगळवार

काशीबाईला तो देठ, २०१७ चा म्हणून, दाखवला. तिने भाकरी थापता थापता एक नजर टाकली.

"तां? तां दयाळाचा. आमच्या माडाखाली माका गावला."

मी विचारलं, "तुका?"

"होय तर. तुमी गोव्याक हॉस्पिटलात होतास. बायन सांगितल्यान, काशी, निळसर बगून आण. मियां तीन हाडलंय, तिना एक घेतल्यान."

"मगे पावणो?"

"खंय इलो त्या वर्सा! बाय दोन दिवस टाकीकडे बगीत बसली. मगे रडाक लागली. म्हणाली, काशी, आता ह्येंका काय सांगू?" तिने भाकरी उलटली. "दुसऱ्या वर्सा इलो तो दुसरोच. बायन बगल्या-बगल्या सांगितल्यान, ह्यो तो न्हय. ह्येच्या पंखार ठिपको नाय."

मी तिथेच चुलीपाशी बसलो. ती म्हणाली, "तुमका ठावक नव्हता? माका वाटला, तुमी दोगांय मजेन भांडतास."

म्हणजे लिलियनला माहीत होतं. तिचा पावणा मेला किंवा वाट चुकला, त्याचं दुःख तिने एकटीने केलं, तेही मला कळू न देता, कारण मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. आणि मग पाच वर्षं, दर ऑक्टोबरात, माझंच बरोबर आहे हे ठाऊक असून, ती माझ्याशी भांडली. कारण भांडायला म्हणून मी उठून बसलो होतो. ठिपक्याचं नाव तेवढं तिने काढलं नाही. चुकून मी चष्मा लावला असता तर!

रडलो. काशीबाई समोर होती तरी. तिने भाकरी वाढली आणि मागच्या दाराने गेली.

१९ जानेवारी, रविवार

ऑक्टोबरपासूनची ही वही वाचून काढली. "नेटवर्क गेलं असावं." "थंडी फार असते तिकडे." वा रे मास्तर! पोरगी परमुलखात, आई नाही, पोटात जीव, रक्तदाब वाढलेला, आणि ती दर रविवारी एकच गोष्ट विचारते. मी तिला नोव्हेंबर संपल्याचं सांगतो.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सात वाजता अ‍ॅलनचा फोन. ग्लेनिशाला हॉस्पिटलात आणलंय. रक्तदाब उतरत नाही, तासाभरात ऑपरेशन करून बाळ काढणार. वेळेआधी. "पापा, ती फार घाबरलीय. बोला तिच्याशी." फोन तिच्या कानाला लावला. नुसता श्वास ऐकू येत होता. तीच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "तो इलोच नाय मां, पापा?"

मी खिडकीतून टाकीकडे बघितलं.

"इलो गो! आता बसलो आसा टाकीर. तुकाच फोन करतलंय होतंय."

"खरां?"

"खोटा कित्याक सांगू? मास्तर मी."

मग म्हणाली, "पण तुमी म्हणतास दर वर्सा दुसरो येता."

"म्हणत होतंय. आज चष्मो लावून बगलंय. डाव्या पंखार धवो ठिपको आसा. तोच."

ती हसली. रडत हसली, पण हसली. "मम्मी सांगी होती मां! बारा वर्सां तुमी उगीच भांडलास तिच्याशी."

"उगीचच," म्हटलं. "तू घरी ये, मगे माज्याशी भांड."

"पीस गावला तर ठेव हां पापा. बाळाक दाखवूक."

"ठेवतंय." फोन अ‍ॅलनने घेतला. मागून तिचाच आवाज येत होता, अ‍ॅलनला सांगत होती, मम्मीचो पावणो इलो.

या वहीत कधी खोटं लिहिलं नाही, आजही लिहीत नाही. टाकीवर कोणी नव्हतं. गेला आठवडाभर कावळासुद्धा नाही.

चहा ठेवला तो उतू गेला. काशीबाई आली तेव्हा मी परसात माडाखाली वाकून शोधत होतो. तिने विचारलं, "काय हरवला मास्तरानू?" म्हटलं, "काशीबाई, तू पण ये. निळसर बगून आण." ती पदर खोचून वाकली.

२७ जानेवारी, सोमवार

मुलगी. दीड किलो, काचेच्या पेटीत आहे, पण रडते चांगली जोरात. ग्लेनिशा शुद्धीवर आली, रक्तदाब उतरतोय.

पीस काशीबाईलाच मिळालं. दोरा बांधला. दुहेरी गाठ जमेना, तीनदा सुटली, चौथ्यांदा टोक आत खोचलं. चिठ्ठीवर तारीख घातली, २६ जानेवारी २०२५, आणि लिलियनच्या पुस्तकात २०२२ च्या नंतरच्या पानात ठेवलं.

संचिताचा मेसेज आलाय, यंदाचं पीस मिळालं का सर, म्हणून. मिळालं, असं कळवलं. पण हे तपासायला देणार नाही.